कुठे आहेस तू?

शुक्रवार, रात्रीचे साडेआठ. सगळ्यांच्या पगाराची फाईल नव्या पायथनशिवाय चालेना, आणि मी आमच्या ज्युनियरवर उखडलो, 'तू इन्स्टॉल केलंच नाहीस!' बिचारा गप्प. मग 'व्हेअरइज पायथन३' टाइप केलं. दोन पत्ते आले, शिवाय मॅन्युअलचं पान कुठंय तेही. 'विच'ने मात्र एकच दाखवला. जुना! बॉस, 'पाथ'मधले फोल्डर ओळीने बघितले जातात. पहिलं सापडलं की तेच चालतं. 'विच डॅश ए' दिलं असतं तर दोन्ही दिसले असते. (मॅन पेजमध्ये लिहिलंय. वाचतो कोण?) म्हणजे पोरानं काम चोख केलं होतं. पाथमधला क्रम बदलला, फाईल बँकेत गेली. सॉरी म्हणायला वळलो, तर तो लोकल पकडायला कधीच निघून गेलेला.