ऑनलाइन वर्गालाही बोर्डिंग हवं



चातुर्मास जवळ आला की आपल्या व्हॉट्सअॅपवर स्वाध्याय वर्गांची पत्रकं येऊ लागतात. तत्त्वार्थसूत्र, रत्नकरंड श्रावकाचार, द्रव्यसंग्रह, छहढाला. सगळं ऑनलाइन, सगळं मोफत, आणि खाली ठळक अक्षरात 'रेकॉर्डिंग मिळेल'. २०२० साली मंदिरांची दारं बंद झाली तेव्हा ही पद्धत आपल्याकडे आली आणि दारं उघडल्यावरही राहिली. मीही तेव्हापासून इथून, कोल्हापुरातून, बायकांसाठी द्रव्यसंग्रहाचा वर्ग घेते. गाथा ५८च आहेत, पण घाई न करता गेलं तर वर्षसुद्धा पुरत नाही.

इतक्या दिवसांत माझं एक मत पक्कं झालं आहे. शिकवणारी कितीही चांगली असू दे, बाईला बसायला जागा, हक्काचा वेळ आणि सोबत नसेल तर ऑनलाइन वर्ग टिकत नाही.

वर्ग ओस पडला की 'आपल्या बायकांना चिकाटीच नाही' असं बोललं जातं. मला ते अजिबात पटत नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित संस्थेने इलेक्ट्रॉनिक्सचा पहिला मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम काढला. जगभरातून दीड लाखाहून जास्त लोकांनी नाव नोंदवलं. शेवटी प्रमाणपत्र मिळालं ते सुमारे सात हजारांना. त्यांच्या पाठीशी दूध तापत नव्हतं की दारात पाहुणे उभे नव्हते, तरी ही गत! मग आपल्या बायकांवर आळशीपणाचा शिक्का कशाला?

आपण कोल्हापूरकरांनी तर ही गोष्ट कुणाकडून शिकायलाच नको. शाहू महाराजांनी संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाची अंमलबजावणी सुरू केली १९१७ मध्ये. बोर्डिंगं त्याच्या किती आधीची! १९०१ पासून मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेका समाजाची वसतिगृहं शहरात उभी राहू लागली. आजही दसरा चौकात गेलात तर त्या काळाच्या खुणा दिसतात. महाराजांनी काय ओळखलं होतं? खेड्यातला मुलगा हुशार असला तरी त्याच्या घरात दिवा नाही, पुस्तक ठेवायला कोनाडा नाही, आणि गुरं राखायला दुसरं कुणी नाही. नुसती शाळा उघडून तो शिकणार नव्हता. त्याला राहायला खोली, दोन वेळचं जेवण आणि सोबत अभ्यासाला बसणारी चार पोरं हवी होती. कुंभोजला जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्येच राहिले होते. पुढे १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली तेव्हा शाळेइतकाच जोर वसतिगृहांवर दिला, तो काही योगायोग नसावा.

बायकांच्या शिक्षणाचीही तीच कथा. महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला. आपल्या समाजात मगनबाईंनी मुंबईत श्राविकाश्रम चालवला. शेठ माणिकचंद हिराचंद यांची ही लेक, स्वतः तरुण वयात विधवा झालेली. सोलापूरच्या श्राविकाश्रमाशी पंडिता सुमतीबाई शहा यांचं नाव कायमचं जोडलेलं आहे. तिथे आलेल्या बाईला शास्त्र शिकायला मिळालं हे तर खरंच. पण त्याआधी तिला स्वतःची चटई मिळाली आणि पहाटेचा एक तास मिळाला, ज्यात तिला कुणी हाक मारत नव्हतं.

आता आपला ऑनलाइन वर्ग बघा. तो थेट स्वयंपाकघरात येतो. यात मोठी सोय आहे, ती मी नाकारत नाही. गुडघ्यांमुळे मंदिराच्या पायऱ्या चढू न शकणाऱ्या काकू, शिरोळ तालुक्यातल्या खेड्यातली सून, निपाणीला दिलेली लेक, या सगळ्या एका वेळी भेटतात त्या फोनमुळेच. पण श्राविकाश्रमाने बाईला घरातून तासभर मोकळं केलं होतं, आणि आपण वर्ग घरात आणून ते मोकळेपण काढून घेतलं. बाई वर्गातही असते आणि ओट्यापाशीही असते. कॅमेरा बंद, आवाज बंद, एका कानात गाथा आणि दुसऱ्या कानात कुकरच्या शिट्ट्या. पहिल्या दिवशी पडदा भरून नावं दिसतात. तिसऱ्या महिन्यात ती हाताच्या बोटांवर मोजता येतात.

एकदा आकाश द्रव्य चाललं होतं. सगळ्या द्रव्यांना जागा देणं हे आकाशाचं काम, एवढं मी सांगितलं. एका ताईंनी आवाज सुरू करून विचारलं, "ताई, आकाश सगळ्यांना जागा देतं, मग पुस्तक घेऊन बसायला आमच्या घरात जागा का हो नाही?" सगळ्या हसलो. मग बराच वेळ कुणीच बोललं नाही.

आपल्याकडे सूर्यास्ताआधी जेवणं होतात, म्हणून संध्याकाळी साडेसातची वेळ सोयीची, असं सगळे म्हणतात. कागदावर ती सोयीचीच आहे. प्रत्यक्षात दुकान बंद करून मंडळी येतात, मुलांचा गृहपाठ असतो, उद्याची भाजी निवडायची असते. सासूबाईंना, नणंदांना आणि विशेष करून घरातल्या पुरुषांना मी स्पष्टच सांगते: आठवड्यातून एक तास ही बाई घरात नाही असं समजा. ती मंदिरात गेली असती तर तुम्ही पाणी हाताने घेतलंच असतं ना? ती आतल्या खोलीत आहे म्हणून कामाला मोकळी आहे, असं होत नाही.

आता रेकॉर्डिंग. आम्ही ते देत नाही, आणि यावरून माझ्यावर रागावणाऱ्या पुष्कळ आहेत. नोकरीवाल्या मुली म्हणतात, आमची पाळी बदलते, आम्ही काय करायचं? त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पण रेकॉर्डिंग आहे म्हटलं की 'रात्री ऐकू' होतं, रात्रीचं 'रविवारी' होतं, आणि रविवारी पाहुणे येतात. एखादीचा वर्ग बुडाला तर तिच्या जोडीदारणीने तिला फोनवर तो सांगायचा, हा आमचा नियम. यात दोघींचा अभ्यास होतो. सांगणारीचा थोडा जास्तच.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात स्वाध्यायाचे पाच प्रकार येतात: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. म्हणजे वाचणं, विचारणं, मनात घोळवणं, शुद्ध पाठ करणं आणि दुसऱ्याला सांगणं. रेकॉर्डिंगमधून फार तर पहिला मिळतो. बाकीच्या चारांपैकी विचारायला आणि सांगायला समोर माणूस लागतं, पाठ शुद्ध करायला ऐकणारं कुणीतरी लागतं. आमच्या वर्गात एका आजींनी विचारलं होतं, जीव अमूर्त आणि कर्म मूर्त, मग ते त्याला चिकटतं कसं? उत्तर मी त्या दिवशी दिलं. त्यांचं समाधान झालं नाही. पुढे तीन आठवडे त्या आणि त्यांची जोडीदारीण रोज दुपारी फोनवर त्यावरच बोलत होत्या. बंध आहे म्हणून व्यवहारनयाने जीवाला मूर्त म्हणतात, हे त्यांनीच मग वर्गाला समजावलं, दुधात मिसळलेल्या पाण्याचं उदाहरण देऊन. इतकं सोपं मला सांगता आलं नसतं.

प्रमाणपत्राचं विचाराल तर ज्यांना हवं त्यांनी जरूर घ्यावं. लाडनूंच्या जैन विश्वभारतीचे दूरशिक्षणाचे अभ्यासक्रम आहेत, पुण्याच्या सन्मति-तीर्थने मराठीतून वर्ग आणि परीक्षा चालवल्या. परीक्षेच्या धाकाने पुस्तक उघडलं जातं हेही खरं. आमच्या वर्गात परीक्षा नाही. मात्र वर्षातून एकदा प्रत्येकीने एक गाथा शिकवायची, अगदी आजींनीसुद्धा.

यंदाच्या वर्गासाठी एकटीचं नाव घेणार नाही. आपल्या गल्लीतल्या, अपार्टमेंटमधल्या दोघींना घेऊन या. तिघी-चौघींनी एकीच्या घरी जमायचं, फोन एकच लावायचा, बाकीचे पर्समध्ये. चहा-फराळ अजिबात करायचा नाही, नाहीतर जिच्या घरी वर्ग ती पुन्हा ओट्यापाशीच! घर दर आठवड्याला बदलायचं. एखाद्या गावात आपलं घर एकच असेल, कुणी सोबतच नसेल, तर तसं कळवा. तुमची जोडी दुसऱ्या गावातल्या तशाच एकीशी लावून देऊ. गेल्या वर्षी अशा दोन जोड्या होत्या. चौघींनीही ५८ गाथा पूर्ण केल्या, आणि त्यातल्या दोघी एकमेकींना अजून प्रत्यक्ष भेटलेल्या नाहीत. या दशलक्षणात कुंभोज-बाहुबलीला भेटायचं त्यांचं ठरलं आहे.