गौरव कोणाचा?

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने वि. स. खांडेकरांना सन्माननीय डी.लिट्. अर्पण केली, तेव्हा गौरव कोणाचा झाला? आमच्या मते विद्यापीठाचाच! महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट राहिलेल्या या सरस्वतीपुत्राने १९२० ते १९३८ पर्यंत शिरोड्यासारख्या खेड्यातील शाळेत मुले घडविली. पुढे 'ययाति'कारांच्या रूपाने १९७४ चे ज्ञानपीठ मराठीला प्रथमच लाभले. १९५६ साली म्हैसूर राज्यात गेलेल्या बिदर, भालकी, औराद, आळंद येथील मराठी बांधवांनी यातील मर्म ओळखावे. लेखकाला पदवी विद्यापीठ देते. वाचक मात्र गावची शाळाच देते. ती ओस पडली, तर उद्या खांडेकर वाचणार कोण? आपले मूल मराठी शाळेच्या पटावर घालणे, हाच त्या थोर शिक्षकाचा खरा सन्मान होय.