नास्तिक नेमके काय नाकारतो?

‘मी देव मानत नाही’ म्हटले की लगेच आव्हान येते : देव नाही हे सिद्ध करून दाखव! पण सारे विश्व धुंडाळून आल्याचा दावा मी करत नाही. आहे म्हणणाऱ्याने पुरावा द्यावा. तो पटेपर्यंत मी मानणार नाही, एवढेच माझे म्हणणे.

आपल्याकडे या शब्दाला आणखी एक इतिहास आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वेदनिंदा करणाऱ्याला नास्तिक म्हटले आहे. म्हणूनच सृष्टिकर्ता ईश्वर न मानणारे मीमांसक आस्तिक ठरले; बौद्ध, जैन, चार्वाक मात्र नास्तिक. खरे भांडण ग्रंथाच्या अधिकाराचे होते, आणि चातुर्वर्ण्य त्याच अधिकारावर उभे होते. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांची सुरुवात ब्रह्मा-विष्णू-महेश यांना देव न मानण्यापासून होते, ती उगाच नव्हे.

आईच्या देव्हाऱ्याशी माझे भांडण नाही. पण जन्मावरून माणसाला खालचा ठरवणारी आज्ञा देवाच्या नावाने आली, तरी ती मला मान्य नाही. घरातल्या पहिल्या पदवीधरांनो, ‘कशावरून?’ हा प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्या आजोबा-आजींना नव्हता. आपण तो वापरू या.