वसंत मुलांच्या हाती द्यावा

पंचांगाप्रमाणे वसंत ऋतू चैत्र-वैशाखाचा. विदर्भात मात्र तो फाल्गुनातच येतो आणि चैत्र सरता सरता त्याचा कडक उन्हाळा होतो. कोराडीत औष्णिक वीज केंद्राच्या उंच धुराड्यांच्या सावलीतही हा क्रम चुकत नाही. पळस पाने टाकून केशरी फुलतो, सावर लाल होते, पिंपळ तांबूस पालवी धरतो, कडुनिंबाला बारीक पांढरा मोहोर येतो. नेमक्या याच दिवसांत वार्षिक परीक्षा असतात आणि त्या आटोपल्या की निवासी विद्यार्थी घरोघरी परततात. एकीकडे पुस्तक मिटते, दुसरीकडे मोबाइल उघडतो. या दोहोंच्या मधून वसंत निघून जातो आणि मुलांना त्याचा पत्ताही लागत नाही.

वास्तविक आपल्या समाजाच्या जिव्हाळ्याचे कितीतरी दिवस याच ऋतूत येतात. 10 मार्च हा सावित्रीबाईंचा स्मृतिदिन, 11 एप्रिल ही जोतीरावांची व 14 एप्रिल ही बाबासाहेबांची जयंती, आणि पुढे वैशाख पौर्णिमा. हे दिवस आपण उत्साहाने साजरे करतो; पण ते बहुतांशी मोठ्यांचे असतात. व्याख्यान मोठ्यांसाठी, मिरवणूक मोठ्यांची, फलकावरची छायाचित्रेही मोठ्यांचीच. पाच-सहा वर्षांचे मूल वडिलांच्या खांद्यावर बसून ध्वनिक्षेपकांचा गोंगाट ऐकते आणि तिथेच झोपी जाते. ज्या उत्सवात मुलाच्या हाताला काही काम नाही, तो उत्सव त्याचा कसा व्हावा?

या प्रश्नाला आपल्या घरांत आणखी एक पदर आहे. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या वडीलधाऱ्यांनी अनेक जुने सण विचारपूर्वक सोडले. त्यामागचे कारण त्यांना पूर्ण ठाऊक होते. आजच्या लहान मुलाला ते ठाऊक नसते. शेजारच्या अंगणात रंग आहे आणि आपल्या अंगणात नाही, एवढेच त्याला दिसते. केवळ नकारावर बालमन पोसत नाही. कर्मकांड सोडले म्हणून ऋतू सोडण्याचे कारण नाही. पळसाचा रंग पळसाचा आहे; तो कोणत्याही कथेच्या मालकीचा नाही.

म्हणून पालकांना माझे सांगणे आहे की, या ऋतूत मुलांबरोबर थोडे हाताने करावे. त्याला खर्च जवळजवळ नाही. झाडाखाली गळून पडलेली पळसफुले मुलांकडून वेचून घ्यावीत. फांदी ओरबाडू नये, कारण त्या फुलांवर पक्ष्यांचा हक्क आहे. फुले मोठ्यांनी पाण्यात उकळून रात्रभर ठेवली की सकाळी केशरी-पिवळा रंग तयार होतो. त्यात तुरटी विरघळवून पांढरा सुती रुमाल बुडवावा. चित्रकलेच्या कागदावर त्याच रंगाने कुंचला फिरवावा. दुसऱ्या वाटीत मोठ्यांनी चिमूटभर चुना घालावा. रंग गडद का झाला, असे मूल विचारील. तो प्रश्न म्हणजेच विज्ञानाचा पहिला धडा होय.

‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण आपण मुलांना पाठ करून घेतो. ती खरी आहे की नाही, हे पालवी फुटल्यावर त्यांनाच झाडाशी जाऊन मोजू द्यावे. ऐकले म्हणून मानू नये, पडताळून पाहावे, ही शिकवण याहून सोप्या रीतीने कशी द्यावी?

पिंपळाचे गळलेले अखंड पान पाण्यात दोन-तीन आठवडे भिजत ठेवावे व पाणी अधूनमधून बदलावे. मग मऊ ब्रशने हलकेच घासले की गर निघून जातो आणि शिरांची नाजूक जाळी उरते. ती जुन्या वहीत दाबून वाळवावी व जाड कागदावर चिकटवावी; पुस्तकात ठेवण्याची सुंदर खूण होते. महिनाभर आधी तयारी केली तर 14 एप्रिलला प्रत्येक मुलाने स्वतः केलेली खूण एका पुस्तकात घालून मित्राला भेट द्यावी. ग्रंथांसाठी स्वतंत्र घर बांधणाऱ्या महापुरुषाला याहून उचित अभिवादन कोणते?

वैशाख पौर्णिमेला श्रीलंकेत घरोघरी आणि शाळाशाळांतून बांबूच्या कामट्यांचे व पातळ कागदाचे आठ बाजूंचे कंदील केले जातात. आपल्याकडेही कामट्या, पतंगी कागद आणि कणकेची खळ सहज मिळते. निळा, पिवळा, लाल, पांढरा व केशरी हे धम्मध्वजाचे रंग मुलांनी लावावेत आणि आत विजेचा छोटा दिवा ठेवावा. जपानमध्ये 8 एप्रिलला फुलांचा उत्सव असतो. फुलांनी सजवलेल्या लहानशा मंडपातील बालबुद्धाच्या मूर्तीवर लहान मुले पळीने गोड चहा ओततात. मोठ्या माणसांचा इतिहास मुलांच्या उंचीला आणण्याची ही किती साधी युक्ती आहे!

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ‘आमच्या आजोबांनी पिढ्यान्‌पिढ्या हातांनी राबूनच जन्म काढला. त्यातून सुटण्यासाठी आम्ही मुलांना शाळेत घातले. आता पुन्हा पाने आणि कामट्या कशाला?’ असे एखादे आजोबा विचारतील. या प्रश्नामागे सोसलेले दुःख आहे. परंतु बाबासाहेबांनी 1936 साली ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या ग्रंथात दाखवून दिले की, जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. दोष हाताच्या कामात नव्हता. ते काम जन्माने लादण्यात, त्याला हीन ठरविण्यात आणि हात व बुद्धी यांची फारकत करण्यात होता. कोलंबिया विद्यापीठात ज्यांच्याजवळ बाबासाहेब शिकले, ते जॉन ड्यूई यांनी तर प्रत्यक्ष कृती हाच शिक्षणाचा पाया मानला. आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत परिसरातील पाने, बिया, माती हेच शैक्षणिक साहित्य केले. लादलेले श्रम आणि स्वेच्छेने केलेली निर्मिती यांत गुलामी व स्वातंत्र्य यांच्याएवढे अंतर आहे. म्हणूनच हे काम मुलगे आणि मुली दोघांनी करावे, सक्तीने करून घेऊ नये, त्याला गुण देऊ नयेत, स्पर्धा लावू नये. वेडावाकडा कंदीलही दाराशी मानाने लावावा.

निवासी शाळेतील मुलांच्या बाबतीत हे अधिकच महत्त्वाचे आहे. आईवडिलांपासून दूर राहणाऱ्या बालकाला घराची ओढ असते. शाळेच्या आवारातील एखादे झाड त्याच्या ओळखीचे झाले, त्याच्या फुलांनी त्याने रुमाल रंगविला, तर तो परिसरही त्याचे घर होतो. फाल्गुनातील एक रविवार शाळेने या कामासाठी राखून ठेवावा, ही माझी सूचना आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी चित्रकार असतील, कोणी बांबूचे काम जाणणारे, कोणी वनस्पतिशास्त्र शिकविणारे. शाळेला देणगी जरूर द्यावी. पण त्या दिवशी दोन तास लहानग्यांमध्ये मांडी घालून बसावे. आणि घरी परतलेल्या मुलाने पिंपळाचे पान मागितले, तर पालकांनी ‘काय करायचे आहे?’ असे न विचारता त्याच्याबरोबर झाडाखाली जावे.