पायमोज्यातली सुरी, कमरेची कट्यार



तुळशीचे लग्न पार पडले की आपल्या जिल्ह्यातील पेठांमध्ये लगीनसराईची लगबग सुरू होते. कापडाच्या दुकानात बस्त्याची गर्दी होते, सराफाच्या पेढीवर रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात, आणि सारंगखेड्याच्या यात्रेतून कोणी वरातीसाठी घोडा पाहून येतो. या धामधुमीतच शहाद्याच्या माझ्या भाच्याचा स्कॉटलंडहून निरोप आला. तो तेथे नोकरी करतो. लिहितो, “मामा, मित्राच्या लग्नात सर्वांनी किल्ट नेसायचा आहे. त्यासोबत पायमोज्यात एक छोटी सुरी खोचतात. मला ती विकत घ्यावी लागेल. आपल्या घरच्या मुलाने घ्यावी का? आणि घ्यावी तर कोणती?”

प्रश्न दुकानातला होता, पण त्याचे मूळ घरात होते. म्हणून मी लगेच उत्तर दिले नाही. आधी थोडी माहिती घेतली.

त्या सुरीला तेथील गेलिक भाषेत ‘स्कीअन डू’ म्हणतात. त्याचा अर्थ काळी सुरी. पाते जेमतेम तीन-चार इंचांचे. उजव्या हाताचा माणूस ती उजव्या पायमोज्यात खोचतो आणि तिची मूठ तेवढी वर दिसते. १७४५च्या बंडानंतर इंग्रज सरकारने १७४६मध्ये कायदा करून डोंगराळ भागातील लोकांच्या या पोशाखावर बंदी घातली. ती १७८२मध्ये उठली. त्यामुळे त्या लोकांना हा पोशाख केवळ हौसेचा वाटत नाही, अभिमानाचा वाटतो. सुरीविषयी तेथे असे सांगतात की, पाहुणा कोणाच्या घरी गेला म्हणजे अंगरख्यात लपवलेली सुरी काढून सर्वांना दिसेल अशी पायमोज्यात ठेवी. ‘माझ्या मनात कपट नाही’ हे सांगण्याची ती रीत होती.

हे वाचताना मला आपल्या नवरदेवाची कट्यार आठवली. तिच्या टोकाला आपण लिंबू खोचतो. दृष्ट लागू नये हा त्यामागचा भाव खरा; पण लिंबाने टोक झाकले जाते, हेही खरेच. दोन दूरच्या प्रदेशांतील माणसांनी मंगल कार्यात शस्त्र तर नेले, मात्र ते उघड आणि निरुपद्रवी करून नेले.

मग भाच्याला मी चार गोष्टी पाहायला सांगितल्या. आपल्याकडे पहिली कट्यार घेणाऱ्यांनीही त्याच पाहाव्यात.

पहिली गोष्ट मुठीची. स्कॉटिश सुरीची मूठ पुष्कळदा हरणाच्या शिंगाची असते. एके काळी आपल्या देशातील सांबरांची शिंगे इंग्लंडमधील शेफील्डच्या कारखान्यांत चाकूंच्या मुठींसाठी जात असत. शिंगे दर वर्षी आपोआप गळतात, त्यात हिंसा कोठे आली, असे विक्रेता म्हणेल. परंतु गळलेले शिंग कोणते आणि मारून आणलेले कोणते, हे मूठ पाहून कळत नाही. त्यापेक्षा शेकडो वर्षे दलदलीत रुतून काळ्या पडलेल्या ओकच्या लाकडाची मूठ घ्यावी. ती तेथील परंपरेतलीच आहे आणि दिसायलाही देखणी असते. आपल्याकडे कट्यार घेताना शिसवी किंवा पितळी मूठ पाहावी. हस्तिदंताच्या वाटेला जाऊच नये. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याचा व्यापार बंद आहे, आणि आपल्या शास्त्रकारांनी तर पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य फार पूर्वीच निषिद्ध ठरवले आहे.

दुसरी गोष्ट म्यानाची. बहुतेक म्याने चामड्याने मढवलेली असतात. दुकानदाराला स्पष्ट विचारावे. लाकडी म्यान, त्यावर मखमल किंवा कृत्रिम आच्छादन, असा पर्याय सांगून करवून घेता येतो.

तिसरी गोष्ट पात्याची. पाते बोथट असावे. स्कॉटलंडमध्ये पाते नसलेली, म्यानाला मूठ जोडलेली सुरीही मिळते. पायमोज्यात खोचल्यावर मूठच दिसत असल्याने शोभेत काही उणे राहत नाही. पहिल्याच खरेदीत रत्नजडित, चांदीने मढवलेली सुरी घेण्याचा मोह टाळावा. ती संध्याकाळच्या समारंभापुरतीच शोभते. साधी काळी सुरी मात्र दिवसाही चालते आणि रात्रीही.

चौथी गोष्ट कायद्याची. ब्रिटनमध्ये सार्वजनिक ठिकाणी पाते बाळगणे हा गुन्हा आहे. राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून ते धारण करण्यास कायद्याने सूट दिली आहे. पण किल्ट उतरवून तीच सुरी खिशात घातली तर ही सबब टिकणे कठीण. विमानात ती हातातल्या पिशवीत चालत नाही, मोठ्या सामानात द्यावी लागते. आपल्याकडेही नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची शस्त्रे शस्त्र नियमांच्या यादीत येतात. शिवाय सणासुदीला किंवा निवडणुकीच्या काळात शस्त्रबंदीचे आदेश निघतात. वरातीची तारीख ठरली की पोलीस ठाण्यात एकदा चौकशी करून घेणे शहाणपणाचे.

एवढे लिहून झाल्यावर माझेच मन मला विचारू लागले, ‘भाच्याला उपदेश केलास, तुझ्या कपाटातील कट्यारीचे काय?’ आजोबांच्या वेळची ती कट्यार आमच्या घरी आहे. भाऊबंद आणि शेजारी मिळून तिने कितीतरी लग्ने पाहिली. कोणीही मागितली की आम्ही आनंदाने देत आलो. त्या दिवशी म्यानातून काढून पाहिली, तर पात्याला अजून धार होती. अनर्थदंडाच्या प्रकारांत हिंसादान सांगितले आहे. म्हणजे हिंसेचे साधन दुसऱ्याच्या हाती देणे. इतकी वर्षे आपण मंगल कार्य म्हणून काय देत होतो, या विचाराने मी ओशाळलो.

‘हे तर नुसते प्रतीक आहे’ असे आपण सहज म्हणतो. पण राजा यशोधराची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. सोमदेवसूरींनी ९५९मध्ये पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलक’ या ग्रंथात ती विस्ताराने आली आहे. आईच्या आग्रहापुढे नमून राजाने जिवंत प्राण्याऐवजी पिठाचा कोंबडा बळी दिला. कोंबडा पिठाचा होता, पण मारण्याचा संकल्प खरा होता. आणि त्यापायी माता-पुत्रांना अनेक जन्म भटकावे लागले. म्हणून मारवाडातून आलेल्या आपल्या काही घरांत नवरदेव तोरणावरील लाकडी पोपटांना तलवार लावतो, तेथे तलवारीऐवजी कडुनिंबाची डहाळी हाती द्यावी, असे मला वाटते. पुष्कळ घरी ती दिली जातेही. कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून लग्नमंडपाच्या वाटेवरून रथ माघारी वळवणारे नेमिनाथ हेही नवरदेवाच्या वेषातच होते, हे आपण विसरू नये.

माझ्या पत्नीचे मत निराळे पडले. ती म्हणाली, “कट्यार काढून टाकू नका. आजोबांची आठवण आहे. तिची धार तेवढी काढून टाका.” तिचे म्हणणे मला पटले. शिकलगाराकडे नेऊन धार आणि टोक दोन्ही बोथट करून घेतले. धार लावून देणाऱ्या त्या कारागिराला आमची मागणी उलटी वाटली. तो हसला, पण काम मनापासून केले. म्यानाला नवी मखमल चढवली. आता कोणी मागितली तर ती देताना हात अडखळत नाही.

भाच्याने काळ्या लाकडी मुठीची, पाते नसलेली सुरी घेतली. लग्नाचे छायाचित्र आले आहे. मित्रांच्या रांगेत तो कोठेही वेगळा दिसत नाही. मूठ निरखून पाहिली तरच कळते, आणि ते त्याच्या आईला बरोबर कळले.

आपल्या घरी या मोसमात लग्न असेल, तर कट्यार आणण्यापूर्वी ती एकदा म्यानातून बाहेर काढून पाहावी, एवढीच विनंती.