वास्त्याचं पाणी आणि नातवाची उंची

आमच्या आईचं माहेर भंडारा जिल्ह्यातलं, सासर इंदूरचं. पोहे-जिलबीच्या या गावात ती रमली, पण पावसाळा आला की वास्त्यांची आठवण काढायची. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. मामा आला की पिशवीभर आणायचा. आई सालं काढून कोंब बारीक चिरायची, भरपूर पाण्यात उकळायची, पाणी फेकायची, पुन्हा उकळायची. मग पिळून हरभऱ्याच्या डाळीबरोबर परतायची. त्या पाण्याला आम्हा पोरांना हात लावू द्यायची नाही.

हे आज आठवायचं कारण आमचा नातू. सूनबाईंनी मोबाईलवर वाचलं की बांबूने मुलांची उंची वाढते. आधी मुरब्बा आला, मग कोंबांचा कच्चा रस काढायचं ठरलं. मी आडवी आले. दोन दिवस घरात अबोला होता!

माझं म्हणणं एवढंच. कच्च्या कोंबात टॅक्सिफायलिन नावाचा घटक असतो, त्यातून पोटात सायनाइड तयार होऊ शकतं. चिरून नीट उकळलं की तो बराचसा निघून जातो. आईला हे नाव माहीत नव्हतं, पण पाणी फेकायचं माहीत होतं.

दुसरं, औषध म्हणून सांगतात ते वंशलोचन कोंबातलं नव्हेच. ते जून बांबूच्या पेरांच्या पोकळीत साठतं. सितोपलादी चूर्णात खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २ आणि दालचिनी १ असं प्रमाण असतं. ते खोकल्यासाठी देतात, उंचीसाठी नाही. बांबू भराभर वाढतो म्हणून तो खाणारा पोरगाही वाढेल, हा कुठला हिशोब? मुरब्ब्यात तर साखरच जास्त.

भाजी म्हणून मात्र वास्ते झकास! चोथा भरपूर, पोटॅशियम भरपूर, चरबी नावालाच. थायरॉइडचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच खावे.

शेवटी मीच सूनबाईंना शेजारी उभं करून भाजी शिकवली. पाणी तिनेच ओतून दिलं. नातवाने दोनदा मागून घेतली. उंचीचं विचाराल तर त्याचे वडीलही बुटकेच आहेत, आणि त्यांचं काही अडलेलं नाही.

म्हणून सांगते, आजीचा पदार्थ घ्याल तर तिची कृती पूर्ण घ्या, अर्धी नको. तुमच्याकडे या कोंबांना काय म्हणतात, जरूर लिहा.