ख्रिस्ती माणसाचे देशप्रेम कोणी मोजायचे?

राजनिष्ठा आणि देशनिष्ठा यांतील भेद बीड जिल्ह्यातील माणसाला पुस्तकातून शिकावा लागत नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. जो निजामाशी एकनिष्ठ तो देशाला पारखा आणि जो देशाचा तो राजद्रोही, असा त्या काळचा उघड हिशेब होता. अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात शिकविणारे स्वामी रामानंद तीर्थ हे संन्यासी होते. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व त्यांनी केले. त्यांच्या भगव्या वस्त्रांमुळे त्यांचे देशप्रेम उणे ठरते काय, असे कोणी विचारले नाही. उलट त्यांचे वैराग्य हेच त्या लढ्याचे बळ मानले गेले.

ख्रिस्ती माणसाला मात्र हा न्याय लावला जात नाही. सावरकरांनी १९२३ च्या ‘हिंदुत्व’ या ग्रंथात पितृभू आणि पुण्यभू एकच असावी अशी अट घातली, तेव्हापासून हे त्रैराशिक ठरूनच गेले आहे: पुण्यभू बाहेरची, म्हणून निष्ठाही बाहेरची. या मांडणीतील खरी चूक अशी की, तीत देश म्हणजे केवळ भूमी आहे, त्या भूमीवर राबणारी माणसे नाहीत.

ख्रिस्ताच्या चरित्रात देशप्रेमाचा विचार नाही, हा समजही तितकाच उथळ आहे. त्याने यरुशलेम नगरीकडे पाहून अश्रू ढाळले आणि त्याच नगरीच्या मंदिरातील सराफांचे चौरंग उलथून टाकले. ज्याला अश्रू आले त्यालाच चौरंग उलथण्याचा अधिकार पोहोचतो. सीझरचे सीझरला द्यावे, या त्याच्या उत्तराचा अर्थ सरकारचे निमूट ऐकावे असा अनेक धर्मोपदेशकांनी सोयीने लावला. वस्तुतः नाण्यावर सीझरची मुद्रा होती म्हणून नाणे सीझरचे. माणसावर मुद्रा देवाची, म्हणून माणूस सीझरला देता येत नाही. कोणत्याही सत्तेला हे उत्तर गैरसोयीचेच आहे.

महाराष्ट्रात हा विचार प्रथम जगून दाखविला तो नारायण वामन टिळकांनी. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ख्रिस्ताला अभंगात आणि कीर्तनात आणले. पुढे १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा करण्याचा प्रयत्न केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. ख्रिस्त हवा, पण साहेबाच्या हातून नको, हा त्यांच्या भूमिकेचा गाभा होता.

टिळकांचे देशप्रेम कवीचे होते. त्याला अर्थशास्त्राचा कणा दिला जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा यांनी, आणि त्यांचा विसर समाजवाद्यांनाही पडावा हे खेदजनक आहे. तंजावरात १८९२ साली जन्मलेला हा गृहस्थ मुंबईत हिशेबतपासनीस होता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सरकारी जमाखर्चाचा अभ्यास करताना, हिंदुस्थानच्या दारिद्र्याचे मूळ राज्यकर्त्यांच्या करपद्धतीत आणि उधळपट्टीत आहे, हे त्यांच्या ध्यानी आले. १९२९ साली गांधीजींची भेट झाली आणि कोटपाटलून सुटली. मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात त्यांनी ‘यंग इंडिया’ सांभाळले. अहिंसक सत्याग्रहींवर लाठ्या पडत असताना चर्च कोणाच्या बाजूस उभे आहे, असा जाब त्यांनी कलकत्त्याच्या मेट्रोपॉलिटन बिशपांना जाहीरपणे विचारला. पुढे वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम त्यांनी उभे केले. १९४२ नंतरच्या तुरुंगवासात, जबलपूरच्या कारागृहात, त्यांनी दोन पुस्तके लिहिली: एक येशूच्या आचारविचारांवर आणि दुसरे शाश्वत अर्थव्यवस्थेवर. ही दोन पुस्तके एकाच कोठडीत लिहिली गेली, हा योगायोग नव्हे. शेजाऱ्यावर प्रेम करावयाचे तर त्याच्या ताटातील अन्न कोणत्या व्यवस्थेने काढून घेतले हे शोधावेच लागते.

मगनवाडीने गिरणीच्या साखरेपेक्षा गुळाचा आग्रह धरला तेव्हा शहाण्यांनी स्मित केले. यंत्राविषयीची कुमारप्पांची सर्वच मते समाजवाद्यांना मान्य होणार नाहीत, व्हावीत असेही नाही. परंतु बीड जिल्ह्यातून दर हंगामात कोयता घेऊन बाहेर पडणारी कुटुंबे पाहावीत. उचल घेतलेली, नवराबायको मिळून एक ‘कोयता’ म्हणून मोजली जाणारी, मुलांची शाळा मागे टाकून फडावर जाणारी. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ साली शासनाला करावी लागली. साखरेच्या उत्पादनाचे आकडे राष्ट्राच्या वैभवात धरले जातात. हा हिशेब कोणत्या रकान्यात जातो? कुमारप्पांच्या देशप्रेमाची कसोटी हीच होती.

गोव्यातील अनुभवही ध्यानात घ्यावा. कॅथलिक म्हणजे पोर्तुगीज, असे लिस्बन सांगत होते. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांनी ते खोडून काढले आणि पोर्तुगालात तुरुंगवास पत्करला. डॉ. राममनोहर लोहिया १८ जून १९४६ रोजी मडगावला सभेस उभे राहिले, ते असोळण्याच्या डॉ. जुलियांव मिनेझिस यांचे पाहुणे म्हणून आलेले असताना.

१९४९ साली अल्पसंख्याकांच्या राखीव जागा सोडण्याचा ठराव मांडणारे हरेंद्रकुमार मुखर्जी हे ख्रिस्ती होते. या विश्वासाची परतफेड काय झाली? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. मराठवाड्यात आणि शेजारच्या नगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक महार-मांग समाजांतून आले. गावाने त्यांची जात विसरलेली नाही. केवळ सरकारी कागद ती विसरतो. मग पुष्कळांना देवळात एक आणि दाखल्यावर दुसरे असे जगावे लागते, आणि वर त्यांच्याच प्रामाणिकपणाबद्दल शंका घेतली जाते! रंगनाथ मिश्रा आयोगाने ही धर्माची अट काढावी अशी शिफारस २००७ साली केली होती.

चर्चही यात निर्दोष नाही. त्याच्या अनेक बाकांवर जात अजून बसलेली आहे. संस्थांच्या जमिनींसाठी जी धावपळ होते, ती कोयत्याच्या बायकांसाठी क्वचितच दिसते. स्वातंत्र्यदिनी प्रार्थनासभा भरवून निष्ठेची पावती मिळविण्याची धडपड तर केविलवाणीच म्हटली पाहिजे.

धर्माची ही अट काढण्याची मागणी ख्रिस्ती संघटनांवर सोपवून भागणार नाही. मराठवाड्यातील पक्षकार्यकर्त्यांनी ती ऊसतोड कामगारांच्या सभांतून, उचलीच्या आणि मजुरीच्या प्रश्नांबरोबरच मांडावी. फडावर कोयता चालविणाऱ्याचा धर्म मुकादम विचारीत नाही.